माईक खरखरला की...

गेल्या जानेवारीतली गोष्ट. फजर पढून घरी येतो तोच फोन वाजला. अमेरिकेत न्यू जर्सीला आमच्या चुलत भावाचे कुटुंब असते. आपल्याकडे सकाळचे साडेसहा, तिकडे रात्रीचे आठ. पडद्यावर भावाची नऊ वर्षांची मुलगी होती आणि तिने झोपायचे कपडे चक्क उलटे घातले होते. शिलाई बाहेर, खिसे बाहेर! आम्ही विचारले, "बेटा, हे काय सोंग?" ती म्हणाली, "बडे अब्बा, उद्या बर्फाची सुट्टी पाहिजे ना!"

मग भावाने खुलासा केला. तिकडे रात्रीत खूप बर्फ पडला की रस्ते बंद होतात, शाळेची बस निघू शकत नाही. मग पहाटे शाळेकडून पालकांना फोन किंवा संदेश येतो, की आज शाळा बंद. कपडे उलटे घालून झोपले, उशीखाली चमचा ठेवला की हमखास बर्फ पडतो, अशी तिकडच्या मुलांची समजूत आहे. या बाईसाहेबांनी दोन्ही उपाय केले होते आणि वर अम्मीला बजावले होते, की फोन आला तर मला लगेच उठव.

फोन ठेवला आणि आम्ही बराच वेळ पडवीत बसून राहिलो. बर्फ आम्ही फ्रीजमध्येच पाहिला आहे. पण गोधडीत पडून, कान टवकारून, आज शाळा नाही हे शब्द ऐकण्यासाठी श्वास रोखून धरणे, हे मात्र आम्हाला चांगलेच ठाऊक आहे. आमच्याकडे ते बर्फाने नव्हे, पावसाने होत असे.

आमचे गाव कोकणातले, खाडीकाठचे. वर डोंगर, मध्ये मोहल्ला, खाली नारळी-पोफळी आणि मग पाणी. जून लागला की पागोळ्यांचा आवाज गणपतीपर्यंत थांबत नसे. शाळा उर्दू, जिल्हा परिषदेची, कौलारू. सकाळी मशिदीत मक्तब, तिथून घरी येऊन भाकरी खायची आणि साडेदहाला शाळा.

तेव्हा मोबाईल नव्हते. गावात फोन एकच, तोही पावसाळ्यात अर्धा वेळ मुका. मग सुट्टी कळायची कशी? आमच्याकडे तीन मार्ग होते.

पहिला मार्ग रेडिओ. अब्बा सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावत. निवेदक सांगे, की समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आम्ही आशेने पुढच्या वाक्याची वाट पाहायचो. विद्यार्थ्यांनी शाळेत जाऊ नये, असे काही तो कधी म्हणाला नाही. मच्छीमारांची एवढी काळजी आणि आमची काहीच नाही, याचा आम्हाला फार राग येई.

दुसरा मार्ग तर. आमचे हेडमास्तर खाडीपलीकडे राहत आणि रोज तरीने येत. खाडीचे पाणी तांबडे होऊन ओढ वाढली, की तरीवाला होडी सोडत नसे. म्हणून मोठा पाऊस झाला की आम्ही पोरे दप्तर पाठीला लावून आधी बंदरावर जायचो. पलीकडच्या काठावर हेडमास्तरांची काळी छत्री दिसे. ती छत्री होडीत चढली की आमचे चेहरे उतरत. छत्री मागे वळून डोंगराच्या वाटेला लागली, की आम्ही असे ओरडायचो की पलीकडे त्यांना ऐकू जात असणार. पण त्यांनी त्याबद्दल आम्हाला कधी मारले नाही. आता आम्ही स्वतः मास्तर झाल्यावर कळते, की त्या छत्रीखालचा माणूसही कदाचित खूश होत असेल.

तिसरा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मशिदीचा माईक. रात्रभर वारा-पाऊस झाला, झाडे पडली, की फजरच्या जमातीनंतर मोहल्ल्यातले मोठे लोक तिथेच बसून ठरवत. मग मुअज्जिन चाचा माईक चालू करत. आधी खरखर, मग दोनदा फुंकर, मग घसा साफ केल्याचा आवाज आणि मग, "सर्व भावांना कळविण्यात येते की..." त्या खरखरीपासून पुढच्या शब्दापर्यंतचा जो क्षण असे, तसा लांब क्षण आम्ही पुढे आयुष्यात फार थोडे पाहिले. कारण त्याच माईकवरून रॉकेल आल्याची बातमी येई, कोणाची बकरी हरवल्याची येई आणि कोणाच्या इंतकालचीही येई. खरखर सगळ्यांची सारखीच.

चमचा-पायजम्यासारखे उपाय आमच्याकडेही होते. अंगणातल्या पागोळीखाली तांब्या ठेवायचा आणि तो भरला की विहिरीत ओतायचा, म्हणजे पाऊस वाढतो, असा शोध आम्ही भावंडांनी लावला होता. एकदा दादीने पकडले. कारण कळल्यावर ती हसली नाही. म्हणाली, "पाऊस मागायचा तर रहमतीचा मागा रे. सुट्टीसाठी पाऊस मागता, तो पडेल कुणाच्या घरावर, ठाऊक आहे?" तेव्हा ते बोलणे आमच्या डोक्यावरून गेले. दादीला लिहिता-वाचता येत नव्हते. पण नबी करीम (स.) पाऊस पाहून तो लाभदायक ठरो अशी दुआ करत, हे तिला माहीत होते आणि पहिला थेंब पडताच ती ती दुआ पुटपुटत असे.

आम्ही चौथीत असतानाची ती रात्र. अमावास्येचे उधाण आणि वर डोंगरात दोन दिवसांचा पाऊस. कोकणातल्या लोकांना हे गणित सांगावे लागत नाही. नदीचे पाणी खाडीत उतरायला पाहते आणि नेमक्या त्याच वेळी भरती खाडीचे तोंड अडवून उभी राहते. पुढे जायला वाट नसली की पाणी बाजूला पसरते. वीज संध्याकाळीच गेली होती. आम्ही गोधडीत जागे होतो आणि खूश होतो. एवढ्या पावसात शाळा भरणे शक्यच नव्हते. फक्त माईकवर शिक्कामोर्तब व्हायचे बाकी होते.

माईक खरखरला, पण फजरच्या आधी. बॅटरीवर चालवला होता, आवाज खोल येत होता. चाचांनी ना फुंकर मारली, ना घसा साफ केला. "खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरले आहे. तरुणांनी दोर घेऊन बंदरावर यावे. बायका-मुलांना शाळेत आणावे." हे तीनदा सांगितले. अब्बा कंदील घेऊन निघून गेले. अम्मी आणि दादीने चूल पेटवली. शाळेला सुट्टी आहे असे कोणीच म्हणाले नाही, पण सुट्टी होती.

सकाळी भाकऱ्यांची चवड आणि डाळीचा टोप पोहोचवायला आम्हाला शाळेत पाठवले. जीवितहानी झाली नव्हती, अलहम्दुलिल्लाह. पण खालच्या मोहल्ल्यातली आणि शेजारच्या भोईवाडीतली मिळून वीसेक घरे शाळेत आली होती. आमच्या वर्गात, आमच्याच बाकावर, आमचा एक वर्गमित्र कोणाचा तरी मोठा सदरा घालून बसला होता. समोर दप्तर पालथे घातले होते. उर्दूच्या पुस्तकाचा लगदा झाला होता आणि तो एकेक पान सोडवायचा प्रयत्न करत होता. काय बोलावे ते सुचेना, म्हणून आम्ही म्हणालो, "मजा आहे, आज सुट्टी!"

त्याने मान वर केली आणि म्हणाला, "तुला सुट्टी. मी तर शाळेतच आहे."

त्या दिवसानंतर आम्ही पागोळीखाली तांब्या ठेवला नाही.

आता काळ बदलला. हवामान खाते आदल्या दिवशीच रंग सांगते. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की तो जोरदार पाऊस, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. इशारा पाहून आणि जागेवरची स्थिती पाहून जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. तो आदेश मोबाईलवर येतो आणि शिक्षक तो पालकांच्या गटावर टाकतात. माईक नाही, छत्री नाही, बंदरावर धावणे नाही. बोट टेकवले की काम झाले. आम्हालाही बरीच वर्षे असेच वाटत होते.

तीन-चार पावसाळ्यांपूर्वीची एक सकाळ आहे. ती सांगायला जड जाते, पण या सदरात आम्ही इतरांना उपदेश करत आलो आहोत, तेव्हा आपली चूकही सांगितली पाहिजे. आमच्या शाळेत डोंगरापलीकडच्या एका वाडीतून दोन बहिणी येतात. एक तेव्हा सहावीत, एक तिसरीत. उर्दू शाळा हीच जवळची, म्हणून पाऊण तास चालत येतात. मध्ये एक पऱ्या आहे, त्यावर साकव. त्या दिवशी सुट्टीचा आदेश सकाळी उशिरा आला. आम्ही तो लगेच गटावर टाकला आणि चहा घेतला. त्या दोघींच्या आईचे नाव गटात होते. पण वाडीत रेंज डोंगराच्या टोकावरच मिळते आणि त्या महिन्यात तिच्या फोनमध्ये बॅलन्सही नव्हता, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

मुली नेहमीप्रमाणे निघाल्या. साकवावरून पाणी जात होते. मोठी म्हणाली, परत जाऊ. धाकटी म्हणाली, सर हजेरी घेतात, माझी एकही गैरहजेरी नाही. ती पुढे पाय टाकणार तोच गुरे घेऊन चाललेल्या एका आजींनी तिचे दप्तर धरून मागे ओढले. ती आजी कोणत्या जातीची, कोणत्या वाडीची, हे आम्ही नंतर विचारले नाही. अल्लाहने तिला तिथे पाठवले, एवढे पुरे. पण मुली घरी गेल्या नाहीत. पाणी उतरेल म्हणून दीड तास भिजत तिथेच उभ्या राहिल्या. दुपारी कोणीतरी आम्हाला सांगितले, तेव्हा आम्ही लांबचा वळसा घेऊन त्यांच्या घरी गेलो. धाकटी तापाने फणफणली होती. आम्हाला पाहताच उठून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, माझी हजेरी लावली ना?"

त्या हजेरीच्या शंभर टक्क्यांचे कौतुक आम्हीच दर महिन्याला वर्गात करत होतो. टाळ्या आम्हीच वाजवायला लावत होतो.

घरी येताना एक हदीस मनात घोळत होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका पावसाच्या दिवशी, तोही जुमा, हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला सांगितले, की आज अजानमध्ये लोकांना नमाजकडे बोलावण्याच्या जागी त्यांनी आपापल्या घरी नमाज पढावी असे पुकार. लोकांना नवल वाटले. तेव्हा त्यांनी सांगितले, की माझ्यापेक्षा श्रेष्ठ असलेल्यांनी, म्हणजे नबी करीम (स.) यांनी, असे केले आहे. जुमा फर्ज आहे खरा, पण तुम्हाला चिखलातून, घसरड्या वाटेने यायला लावणे मला बरे वाटले नाही.

ही हदीस आम्ही कितीदा वाचली असेल. पण तिच्यातली एक साधी गोष्ट त्या दिवशी प्रथम लक्षात आली. ही सवलत अजानमध्येच दिली गेली. लोक मशिदीत भिजून पोहोचल्यावर नव्हे, तर घरातून निघण्याआधी आणि ज्या आवाजावर ते निघतात त्याच आवाजात. म्हणजे घोषणा केली एवढ्याने भागत नाही. ती चालत येणाऱ्या माणसापर्यंत, त्याने पाऊल उचलण्याआधी पोहोचली पाहिजे. जो मशिदीच्या भिंतीला लागून राहतो, त्याला चिखलाची सवलत कशाला हवी? ती सवलत लांबच्या माणसासाठी होती. आमचा संदेश मात्र शाळेच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना सर्वांत आधी मिळाला आणि पऱ्यापलीकडे मिळालाच नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कारण ते इतरांनाही करता येईल. जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाची वाट विचारतो. वाटेत पऱ्या आहे का, साकव आहे का, दरड आहे का, घरी फोन लागतो का. ज्यांच्याकडे लागत नाही त्यांची यादी वेगळी. त्या प्रत्येक वाडीत एक माणूस ठरलेला असतो. कुठे दूधवाला, कुठे रिक्षावाला, कुठे पोलीस पाटील. आदेश आला की आधी त्यांना फोन, गटावर टाकणे त्यानंतर. मोहल्ल्यासाठी इमाम साहेबांना विनंती केली आणि आमचा जुना माईक पुन्हा खरखरू लागला. दुसरे म्हणजे शंभर टक्के हजेरीच्या टाळ्या आम्ही बंद केल्या. आणि तिसरे, मुलांकडून एक वाक्य पाठ करून घेतले: साकवावर पाणी असेल तर आदेशाची वाट पाहायची नाही, मागे फिरायचे.

पालकांनाही थोडे सांगायचे आहे. सुट्टीचा निरोप पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख आणि जिल्ह्याचे नाव वाचा. मागच्या वर्षीचा कागद यंदा फिरतो आणि अर्धा वर्ग घरी बसतो. मग खरा आदेश येतो तेव्हा लोक त्याला खोटा समजतात. ऐकलेली प्रत्येक गोष्ट शहानिशा न करता पुढे सांगू नये, ही शिकवण आपल्याला नवी नाही. आणि आपल्या शेजारी ज्या घरात फोन नाही, त्या घराचे दार वाजवा. शेजाऱ्याच्या हक्कात एवढे तरी येतेच.

आणखी एक गोष्ट, जी सुट्टीच्या आनंदात कोणाच्या लक्षात येत नाही. शाळा बंद म्हणजे शाळेची खिचडी बंद. पावसाळ्यात मजुरी नसते, मासेमारी बंद असते. काही मुलांचे दिवसातले भरपेट जेवण तेच असते. सलग तीन दिवस सुट्टी लागली की चौथ्या दिवशी खिचडीच्या रांगेत ती मुले कुठे उभी असतात, हे आम्ही पाहतो. म्हणून सलग सुट्ट्या लागल्या तर आपल्या टोपातली एक वाटी जास्तीची असू द्या. ती कोणाकडे जायची ते आपल्या मोहल्ल्यात आपल्यालाच माहीत असते.

2021 साली 21 जुलैला बकरी ईद होती आणि त्याच रात्रीपासून चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी चढले. कोरोनामुळे प्राथमिक शाळा आधीच बंद होत्या. सुट्टीची वाट पाहायला कोणी मूल नव्हते. त्या पुरानंतर आमच्याकडे तिकडून एक मुलगा दाखल झाला. आभाळ भरून आले की तो काही न बोलता आपले दप्तर उचलून कपाटावर ठेवतो. बाकीची मुले खिडकीकडे धावतात, सुट्टी मिळेल का विचारतात. आम्ही त्यांना रागावत नाही. पावसाकडे पाहून सुट्टी आठवणे हा बालपणाचा हक्क आहे. तो त्या मुलालाही परत मिळावा, एवढीच इच्छा आहे. मदीन्यात आठवडाभर पाऊस थांबेना, तेव्हा नबी (स.) यांनी तो आमच्यावर नको, आजूबाजूला, डोंगरांवर आणि झाडांच्या मुळांवर पडो, अशी दुआ केली होती. पाऊस नको, असे म्हटले नव्हते. तीच दुआ आम्ही वर्गात मुलांना शिकवतो.

न्यू जर्सीच्या आमच्या पुतणीला त्या रात्री सुट्टी मिळाली नाही. बर्फ पडला, पण कमी. दुसऱ्या दिवशी तिचा तोंड पाडलेला फोटो आला. आम्ही तिला लिहिले, की बेटा, ज्या सकाळी शाळेचा फोन येईल, त्या सकाळी आपल्या गल्लीत कोणाकडे फोन लागला नाही ते अब्बांना विचारायला लाव.

आणि यंदाच्या जुलैमधली एक सकाळ. रात्रभर पाऊस होता, आदेश आलेला नव्हता. आठ वाजता अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे त्याच दोन बहिणींतली धाकटी होती. डोंगराच्या टोकावर चढून, शेजाऱ्याच्या फोनवरून बोलत होती. वाऱ्यात आवाज तुटत होता.

"सर, साकवावर पाणी आहे. आम्ही येत नाही. आजचा धडा उद्या शिकवा."